घर्षण कडेला राहतं

आमच्या बोईसरच्या घराचं कुलूप दर पावसाळ्यात अडतं. खारी हवा आणि चार महिने न वाळणाऱ्या भिंती, दुसरं काय होणार! शेजारचे काका त्यांच्या कुलपात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडतात. बाबा सोडत नाहीत. ते माझी जुनी ६बी पेन्सिल शोधून काढतात, किल्लीच्या दातांवर घासतात, किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करतात आणि म्हणतात, "तेलावर धूळ बसते. शिशावर बसत नाही." कुलूप सुतासारखं सरळ.

गेल्या दिवाळीत मावशीने विचारलं, "तुझी ती पीएचडी नक्की कशावर आहे गं?" मी म्हटलं, "किल्लीला पेन्सिल घासली की कुलूप का सुटतं, त्यावर." सगळे हसले. मावसभाऊ अकरावी सायन्सला आहे. तो म्हणाला, "ते तर पुस्तकातच आहे. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून घसरतात. दोन मार्क."

दोन मार्क मिळतील, वादच नाही. पण ते उत्तर अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माझी चार वर्षं गेली आहेत. म्हणून हे लिहितेय.

आधी पुस्तकातलं अर्धं. पेन्सिलीतलं 'शिसं' हे शिसं नसतंच, ते असतं ग्रॅफाइट आणि चिकणमाती. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंच्या षटकोनी जाळीचे पापुद्रे, एकावर एक रचलेले. एका पापुद्र्यातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण दोन पापुद्र्यांमधली ओढ अगदी लेचीपेची. त्यांच्यातलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. असा एकच पापुद्रा सुटा केला की त्याला ग्रॅफीन म्हणतात. कॅरमच्या पावडरीसारखे, पत्त्यांसारखे हे थर सरकतात, असं आपण शिकतो. दिसायला सोपं आहे आणि पटतंही.

मग हे असंच असेल, तर ग्रॅफाइट कुठेही चाललं पाहिजे. हवेत, पाण्यात, निर्वातातही. थर तर तेच आहेत ना?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं जास्त उंचावरून उडायला लागली आणि एक विचित्र तक्रार आली. विमानातल्या जनरेटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात. तुमच्या मिक्सरमध्येही असतात. मिक्सर बंद पडला की दुरुस्तीवाला "कार्बन संपलेत" म्हणतो, तेच ते. फिरणाऱ्या भागावर ते सतत घासत राहतात आणि वीज पोचवतात. जमिनीवर व्यवस्थित टिकणारे हे ब्रश उंचावर गेले की काही तासांत झिजून त्यांची अक्षरशः पूड व्हायची. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट सॅव्हेज यांनी याच्यावर काम केलं. (तारापूरच्या १९६९ सालच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच कंपनीच्या. योगायोग, बाकी काही नाही.) सॅव्हेज यांनी निर्वातात ग्रॅफाइट धातूवर घासलं. ते भराभर झिजलं. मग आत किंचित पाण्याची वाफ सोडली आणि झीज जवळजवळ थांबली. हे १९४८ साली छापून आलं. उंचावरची हवा नुसती विरळ नसते, ती कोरडीठाक असते. ब्रशला भोवली ती कोरडी हवा.

पाण्याची वाफ थरांच्या मध्ये शिरून त्यांना सैल करत असेल, असं पहिल्यांदा कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण थरांचा सपाट पृष्ठभाग तसा अलिप्त असतो, तिथल्या प्रत्येक कार्बनचे हात शेजाऱ्यांच्या हातात गुंतलेले. पाण्याला तिथे फारसं काम नाही. पाणी जातं ते कडेला.

कडेला जाळी संपते. शेवटच्या रांगेतल्या अणूचा एक हात मोकळा राहतो. मोकळा हात म्हणजे मिळेल त्याला पकडणं: समोरच्या पापुद्र्याची कड असो, धातू असो, काहीही. आमच्या विरार-डहाणू लोकलचंच घ्या. आत सीटवर बसलेली माणसं डुलक्या काढत असतात. गाडीचा सगळा ताण दारात असतो, जिथे लोक एका हाताने लटकलेले असतात आणि पालघरला उतरणाऱ्याची बॅग सफाळ्याला चढलेल्याच्या खांद्यात अडकते. वाफेतलं पाणी कडेच्या या मोकळ्या हातांत काहीतरी देऊन ठेवतं, कुठे हायड्रोजन, कुठे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. हात गुंतले की पकडापकडी थांबते. मग पुस्तकात म्हटलंय तसे थर घसरतात.

कडेवर असे अणू असतात तरी किती? एका मायक्रॉनची बाजू असलेला ग्रॅफीनचा चौकोनी तुकडा घ्या. जाळीची मापं माहीत आहेत, त्यामुळे हिशेब वहीच्या कोपऱ्यात होतो. त्यात साधारण ३ कोटी ८० लाख अणू भरतात. कडेवरचे सोळा हजारांच्या आसपास. म्हणजे दर चोवीसशे अणूंमागे एक. आणि हा एक अणू बाकीच्या चोवीसशेंना धरून ठेवू शकतो.

इथे दुसरा प्रश्न येतो. कडेचे सगळे हात नीट गुंतवले तर घर्षण शून्यावर येईल का? नाही येत. याचं कारण रसायनाचं नाही, भूमितीचं आहे, आणि मला वैयक्तिकरीत्या हाच भाग जास्त आवडतो.

एमआयडीसीतल्या शेडवर असतात तसे दोन पन्हळी पत्रे एकावर एक ठेवा. पन्हळी एका दिशेत असतील तर वरचा पत्रा खालच्यात बसतो, आणि पन्हळींना आडवा ढकलायचा तर प्रत्येक उंचवटा चढवावा लागतो. आता वरचा पत्रा थोडा फिरवा. तो खालच्याच्या माथ्यांवर तरंगत राहतो, कुठे बसतच नाही. ग्रॅफाइटचे दोन पापुद्रे असेच वागतात. २००४ साली नेदरलँड्सच्या लायडनमध्ये मार्टिन डीनविबेल, योस्ट फ्रेंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटचा एक इवलासा कपचा ग्रॅफाइटवरच सरकवून बघितला, वेगवेगळ्या कोनांत. जाळ्या जुळल्या की घर्षण वर, ६० अंश फिरवलं की पुन्हा वर, आणि मधल्या कोनांत ते जवळपास मोजताच येईना. याला सुपरल्युब्रिसिटी म्हणतात. मी मराठीत 'अतिस्निग्धता' म्हणून बघितलं, गाईडनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा म्हटलं नाही.

मधल्या कोनांत घर्षण का नाहीसं होतं? कारण एका अणूला पुढे ढकलणारी जागा असेल तर दुसऱ्याला मागे ओढणारी असते, आणि बेरीज शून्य होते. दोन जाळ्या एकमेकींवर तिरक्या पडल्या की मोठ्या नक्षीचे ठोकळे तयार होतात. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरल्या की दिसतात तसे. प्रत्येक पूर्ण ठोकळ्यात ही बेरीज-वजाबाकी आपोआप मिटते. पण खोलीत लाद्या बसवताना काय होतं आठवा. मधे पूर्ण लाद्या, भिंतीशी आल्या की कापाव्या लागतात. पापुद्र्याच्या कडेलाही नक्षीचे ठोकळे कापलेले असतात. अर्ध्या, पाव ठोकळ्यांचा हिशेब मिटत नाही. जे घर्षण उरतं ते या कापलेल्या लाद्यांचं.

म्हणजे कड दोन्हीकडून नडते: रसायनाने आणि भूमितीने. तुकडा मोठा केला तर दिलासा मिळतो, कारण बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं पण कड दुप्पटच. दुर्दैवाने बाजारात मिळणारी पावडर म्हणजे बारीक बारीक तुकडे. नुसत्या कडाच कडा.

आता माझी फजिती. हे सगळं मी पुस्तकातून नाही, आठ महिने वाया घालवून शिकले.

मी ज्या पदार्थावर काम करते तो ग्रॅफाइटचा लांबचा भाऊ, मोलिब्डेनम डायसल्फाइड. वर्कशॉपमध्ये त्याला 'मॉली' म्हणतात. काळं मॉली ग्रीस गाडीवाल्यांना माहीत असतं. त्याचेही पापुद्रे असतात, गंधक-मोलिब्डेनम-गंधक असं सँडविच. माझं यंत्र एएफएम. त्यात एका लवचीक पट्टीच्या टोकाला सुई असते, टोक दहा-वीस नॅनोमीटरचं. सुई पृष्ठभागावर ओढली की पट्टी पिळली जाते. पिळ किती ते लेझर सांगतो, त्यावरून घर्षण. मी जानेवारीपासून मोजायला सुरुवात केली. प्रत्येक तुकड्याची प्रतिमा घ्यायची, सगळ्या बिंदूंची सरासरी काढायची, आलेखावर एक ठिपका. ठिपके छान एका रेषेत येत होते. मार्चमध्ये मी त्यावर एका परिषदेसाठी सारांशही पाठवला.

जुलैत ठिपके वर उडाले. दुप्पट, कधी तिप्पट. पट्टी बदलली, पुन्हा कॅलिब्रेशन केलं, नमुने नवीन बनवले. रात्री एसी बंद होतो म्हणून असेल, असं वाटून दोन रात्री लॅबमध्ये बसून राहिले. शेवटची बोईसर गाडी दोन्ही वेळा चुकली. शेवटी एका सीनियरने सरासरी बाजूला ठेवून मूळ प्रतिमा उघडायला लावल्या. जानेवारीच्या आणि जुलैच्या शेजारी-शेजारी. तुकड्यांचा मधला भाग दोन्हींत सारखाच काळा, म्हणजे घर्षण कमी. फरक होता तो फक्त कडांना. जुलैत प्रत्येक पायरीची कड पांढऱ्या दोऱ्यासारखी चमकत होती. मी आठ महिने जे मोजत होते ते पदार्थाचं घर्षण नव्हतं. ते होतं प्रतिमेत किती लांबीची कड आली आणि बाहेर पाऊस होता की नाही, याचं माप. सारांश मागे घेतला. प्रकरण दोन नव्याने लिहिलं. त्या सरासऱ्यांची फाइल अजून आहे, नाव ठेवलंय 'हवामान खातं'.

आणि इथे एक गंमत लक्षात आली असेल. दमट हवेत ग्रॅफाइट सुधारतं, मॉली बिघडतं. ग्रॅफाइटच्या कडेचे मोकळे हात पाण्याने गुंततात आणि शांत होतात. मॉलीच्या कडेला मात्र पाणी आणि ऑक्सिजन मिळून गंधकाची जागा घेऊ लागतात, कड गंजल्यासारखी होते, तिथे पाणी साचतं, आणि पापुद्रे एकमेकांना नीट समांतर बसेनात. म्हणून उपग्रहांच्या फिरत्या भागांना, जिथे हवाच नाही, मॉली लावतात. ग्रॅफाइट तिथे सॅव्हेज यांच्या ब्रशसारखं पूड होईल. आमच्या पालघर जिल्ह्याच्या जुलैत कुलपाला मात्र पेन्सिलच बरी. बाबांना हे कुणी सांगितलेलं नाही, तरी ते बरोबर आहेत. त्रास आहे तो मला.

मग कडेचं करायचं काय?

एक उपाय म्हणजे ती झाकणं. २०२० साली अमेरिकेतल्या पेन स्टेट आणि मर्सेडच्या गटांनी (शे चेन, अराश खाजेह, अॅशली मार्टिनी आणि सिआंग किम) ग्रॅफाइटच्या दोन प्रकारच्या पायऱ्या शेजारी-शेजारी तपासल्या. एकीची कड उघडी. दुसरीवरून वरचा अखंड पापुद्रा गेलेला, सतरंजीखाली उंबरठा असावा तसा. उंची दोन्हींची एकाच पापुद्र्याची. झाकलेल्या पायरीवर सुई चढताना अडते, पण उतरताना तिला उतारावरच्या सायकलसारखी मदतच होते. उघड्या कडेवर मात्र उतरतानाही अडकते, कारण कडेवरचे रासायनिक गट तिला धरून ठेवतात. एकाच प्रयोगात भूमितीचा वाटा वेगळा आणि रसायनाचा वाटा वेगळा झाला. माझ्या जुलैच्या पांढऱ्या दोऱ्यांकडे कसं बघायचं ते मला या पेपरने शिकवलं.

दुसरा उपाय: खालचा आणि वरचा पदार्थच वेगळा घ्या, म्हणजे जाळ्या कधी जुळणारच नाहीत. ग्रॅफाइट आणि बोरॉन नायट्राइड यांच्या जाळ्यांच्या मापात सुमारे १.८ टक्क्यांचा फरक आहे. २०१८ मध्ये अशी जोडी साध्या हवेत, मायक्रॉनच्या मापावर, सगळ्या कोनांत निसरडी राहिल्याचं दाखवलं गेलं. कोनाचा प्रश्न त्याने सुटला. कापलेल्या लाद्या राहिल्याच.

तिसरा उपाय मला सगळ्यात चतुर वाटतो, आणि त्यात आपला माणूस आहे. अनिरुद्ध सुमंत, पुणे विद्यापीठातून पीएचडी, शिकागोजवळच्या अर्गोन प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी, डायना बर्मन, अली एर्देमिर आणि इतर सहकाऱ्यांनी २०१५ साली ग्रॅफीनच्या तुकड्यांत हिऱ्याचे नॅनोकण मिसळले आणि त्यावर हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा लेप असलेला गोळा घासला. ग्रॅफीनचे पापुद्रे हिऱ्याच्या कणांभोवती गुंडाळले गेले, अळुवडीच्या उंड्यासारखे. घर्षणांक आला ०.००४. कोरडं पोलाद पोलादावर घासलं तर तो ०.५ च्या वर असतो. तोवर असले आकडे बहुतेक नॅनोमीटर-मायक्रॉनच्या जगातले असायचे. इथे नुसत्या डोळ्यांना दिसणारा गोळा सरकत होता. आणि गुंडाळी सुरू कुठून होते? कडेपासून. मोकळे हात हिऱ्याच्या कणाला धरतात आणि तिथून पापुद्रा वळायला लागतो. जी कड सगळा घोळ घालते तिलाच हँडल केलं.

पण हे चाललं कोरड्या नायट्रोजनमध्ये. दमट हवेत पाण्याचा थर आडवा येतो, गुंडाळ्या होत नाहीत आणि घर्षण चढंच राहतं. पुन्हा पाऊस.

अर्धं उत्तर फक्त शाळेच्या पुस्तकात असतं असं नाही, हे सांगायला तारापूरचं एक उदाहरण देते. टॅप्स कॉलनीत माझ्या शाळेतल्या निम्म्या मैत्रिणी राहायच्या, आणि अणुभट्टीत ग्रॅफाइट वंगणासारखं वापरतात हे मला पीएचडीला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या, ५४० मेगावॉटच्या, जड पाण्यावर चालतात. त्यांचं इंधन म्हणजे सुमारे अर्धा मीटर लांबीच्या ३७ नळ्यांची मोळी, नळ्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. भट्टीची शक्ती वाढवली की गोळ्या तापून फुगतात आणि नळीच्या भिंतीला आतून रेटतात. कॅनडाच्या अशाच भट्ट्यांत त्यामुळे नळ्यांना तडे जायला लागले, तेव्हा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे नळीच्या आतून ग्रॅफाइटचा काही मायक्रॉनचा लेप द्यायला सुरुवात झाली. भारतातही या जातीच्या इंधननळ्यांना तो देतात. लेपाला नाव पडलं 'कॅनलब'. लब म्हणजे वंगण. गोळी भिंतीवर घसरेल, ताण एका जागी साचणार नाही, अशी कल्पना. लेप उपयोगी ठरला. पण पुढे लक्षात आलं की त्याचं मुख्य काम बहुधा घसरवणं नाहीच. विखंडनातून निघणारं आयोडीन ताणलेल्या धातूला चिरतं, आणि लेप त्यापासून रासायनिक बचाव करतो. नाव मात्र वंगणाचंच राहिलं.

बाबांना हे सगळं मी एका रविवारी सांगितलं. बाबा तारापूर एमआयडीसीत वायर ड्रॉइंगला आहेत, सव्वीस वर्षं. जाड तार डायमधून ओढून बारीक करायची. डायच्या आधी एक पेटी असते, तिच्यात साबणाची पावडर, तार तिच्यातून जाते आणि साबण घेऊन डायमध्ये शिरते. साबण कमी पडला की डाय तापते, तारेवर ओरखडे, अख्खी कॉइल रिजेक्ट. हा साबणही मूळचा पापुद्र्यांचाच, फक्त पापुद्रे चरबीच्या आम्लांचे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझं ते ०.००४ वालं आमच्या पेटीत टाकलं तर?"

मी खरं ते सांगितलं. तुमची तार दिवसाला किलोमीटरांनी जाते, माझा पापुद्रा मायक्रॉनचा. तुमच्या डायच्या तोंडाशी एवढा दाब आणि उष्णता असते की पापुद्रे फाटतात, आणि फाटले की प्रत्येक फाट्याला नवीन कड. शिवाय तुमच्या शेडला दारंच नाहीत, जुलैत आत-बाहेर एकच हवा. आज तरी साबणच स्वस्त आणि साबणच बरा.

"पावसाळ्यात साबणही ओला होतो," बाबा म्हणाले. "पेटीत गोळे होतात. तारेला नीट लागत नाही. आम्ही वाळवून घेतो."

हे मला माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी निघताना त्यांनी डब्याच्या पिशवीत एक छोटी प्लॅस्टिकची पुडी टाकली, पेटीतल्या वापरलेल्या पावडरीची. काळपट, थोडी चिकट. एएफएमवर माझा नंबर गुरुवारी आहे. तोवर पुडी डेसिकेटरमध्ये ठेवायची की उघडी, हेच अजून ठरत नाहीये, म्हणून निम्मी आत ठेवली आहे आणि निम्मी खिडकीत.